गाणं थांबवायचं तर नाव सांगा

१९९३ सालच्या जूनमध्ये अकिन्यी संगमनेरला आली, तेव्हा खोलीसाठी तिला अकरा घरांनी नाही म्हटलं. अकरा हा आकडा कलाबाईचा. रागात असली की ती चौदा सांगायची. नाही म्हणायची प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी होती. कुणाकडे पाहुणे यायचे होते, कुणाला खोलीला रंग द्यायचा होता, आणि एका सज्जन गृहस्थाने तर पोरंबाळं घाबरतील असं तिच्या तोंडावर सांगितलं. शेवटी कॉलेजचा शिपाई घामाघूम होऊन तिला कलाबाईच्या दारात घेऊन आला.

कलाबाई डेअरीत दुधाचे कॅन धुण्याच्या कामाला होती. नवरा जाऊन पाच वर्षं झालेली, मुलगा सम्राट आयटीआयला. तिने त्या उंच, काळ्याभोर पोरीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खोलीला खिडकी न्हाई. पानी सकाळी सहाला येतं. चालंल का इचार तिला."

"बाकी काही विचारायचं नाही?" शिपायाने विचारलं.

"बाकी काय इचारायचं? खोली न्हाई म्हननारी घरं मला बी म्हाईत हायेत."

अकिन्यी म्हणजे सकाळच्या वेळी जन्मलेली. वस्तीने दोन दिवसांत तिची अक्की करून टाकली. ती केनियातली, किसुमू गावाजवळची, भल्यामोठ्या सरोवराच्या काठची. बाप साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचा काटा सांभाळायचा. हे समजलं तेव्हा कलाबाईला हसूच फुटलं. एवढा समुद्र ओलांडून आली आणि नशिबात पुन्हा इथल्या कारखान्याच्या मळीचाच वास.

पण ही पोरगी इथे का आली, ते पुढे सहा महिन्यांनी, तिला बऱ्यापैकी मराठी यायला लागल्यावर उलगडलं. तिची आजी मयताला गाणारी होती. गेलेल्या माणसाचं सगळं गणगोत ती गाण्यात गुंफायची. नातीने तो गळा घेतला आणि सोळाव्या वर्षी तो एका हॉटेलातल्या बँडपुढे नेऊन उभा केला. मागे गिटारवाले चार पुरुष, पुढे ही. एकदा रेडिओवर तिचा आवाज आला. बापाने तो ओळखला, रेडिओ बंद केला आणि भावकी जमवली. पोरीला हिंदुस्थानात धाडू, बी.कॉम. करू, हिशेब शिकेल आणि गाणं विसरेल, असं ठरलं. गाणं सुटावं म्हणून बापाने लेक समुद्रापार घालवली, आणि ती येऊन पडली गायन पार्टीच्या घरात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. फक्त या पोरीला फुफाटाच हवा होता.

पार्टी होती कलाबाईच्या थोरल्या भावाची, रंभाजीची. रंभाजी शाळेत मास्तर. भीमगीतं रचायचा, पेटी वाजवायचा आणि मास्तर असल्यामुळे सगळ्यांना चुका दाखवायचा. जयंतीच्या दिवसांत या पार्टीला नेवाशापासून अकोल्यापर्यंत बोलावणी असत. कलाबाई मागच्या रांगेत बसून झील धरायची. पुढच्याने ओळ टाकायची, मागच्यांनी ती उचलायची, याला झील म्हणतात. बावीस वर्षं ती उचलत होती. पुढे बसायचं कुणी तिला म्हटलं नाही, आणि तिनेही कधी विचारलं नाही. विचारणारा असता तर कदाचित तिने हो म्हटलंही असतं, पण आपल्याकडे मागे बसलेल्या बाईला पुढे बसायचंय का हे विचारायची पद्धत नाही.

एका रविवारी अंगणात तालीम चालली होती. अकिन्यी कपडे धूत होती. रंभाजीने ओळ टाकली, आणि ती पुरी व्हायच्या आतच धुण्याच्या दगडावरून कुणीतरी ती उचलली. पेटी थांबली.

"मधीच कोन घुसलं?" रंभाजीने विचारलं.

"मी, मामा," अकिन्यी म्हणाली. "वळ संपायची वाट बघितली तर ती खाली पडती. आमी पडायच्या आत धरतो."

रंभाजीने चूक दाखवायला तोंड उघडलं, पण चूक सापडेना. बँजोवाला गोरक्ष आधीच ती ओळ पुन्हा वाजवायला लागला होता.

पुढच्या जयंतीला अकिन्यी झीलकऱ्यांत कलाबाईशेजारी बसली, आणि दिवाळीच्या सुमारास ती पुढे उभी राहून गायला लागली. गोरक्षला तिने आपल्या मुलखातल्या गिटारच्या धावत्या सुरावटी बँजोवर शिकवल्या. पोरं नाचायला लागली. एरवी नाचणाऱ्या पोरांवर डाफरणाऱ्या रंभाजीने पत्रकं छापली : भीमगीतांचा पॉप जलसा, आफ्रिकेची कोकिळा. लोक काळी बाई बघायला यायचे. पहिलं गाणं डोळे फाडून बघण्यात जायचं, दुसऱ्याला टाळ्या पडायच्या, आणि तिसऱ्यापर्यंत ती कुठली हे कुणाच्या लक्षातही राहायचं नाही. कलाबाई मागून हे बघायची. तिला अभिमान वाटायचा आणि थोडं आत कुठेतरी दुखायचंही. दोन्ही खरं होतं.

१९९५ च्या फेब्रुवारीत नगरच्या राधाकृष्ण शेठने पार्टीला कॅसेटसाठी बोलावलं. शेठचं खाली कॅसेटचं दुकान आणि माडीवर भिंतींना गाद्या ठोकून केलेला स्टुडिओ. दोन दिवसांत सात गाणी झाली. आठवं बाकी असताना चहा आला, आणि चहाबरोबर शेठने कौतुकाने कॅसेटचं छापून आलेलं कव्हर दाखवलं. कव्हरवर गुलाबी साडीतली एक गोरी मुलगी होती. हातात माइक होता, तोही तिने कणीस धरावं तसा धरलेला. खाली छापलं होतं : गायिका कु. पूजा.

अकिन्यीने कव्हर उलटसुलट करून पाहिलं.

"शेठ, ही कोन?"

"ही कव्हरसाठी घेतलीय."

"गाती का?"

"तिने कशाला गायचं? तू गातेस ना."

"मग फोटो माझा पायजे. नाव बी माझं."

शेठ वाईट माणूस नव्हता, निदान त्याचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. तो समजुतीने म्हणाला, "हे बघ, लोक कव्हर बघून कॅसेट घेतात. तुझा फोटो टाकला तर म्हणतील, आत इंग्रजी गाणी असतील. मी तुझ्या भल्याचंच सांगतोय. पैसे तुला पूर्ण मिळणार, चेहऱ्याचं काय एवढं?"

"एवढं न्हाई तर तिचा कशाला छापला?" अकिन्यीने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "आठवं गानं पूजाकडून घ्या." आणि ती जिना उतरून गेली.

परतीच्या एसटीत रंभाजी सगळा वेळ धुमसत होता. आयुष्यभराची हौस, पार्टीची कॅसेट, तोंडाशी आली होती. कलाबाई अकिन्यीशेजारी बसली होती. तिने पोरीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अक्के, आवाज तर तुजाच ऱ्हातो ना. फोटोचं सोड. घे मिटवून."

"तुला काय म्हाईत, काय ऱ्हातं ते?"

कलाबाईने हात काढून घेतला.

घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता कलाबाईने तोंड उघडलं. सात वर्षांत हे तिने स्वतःच्या मुलालाही सांगितलं नव्हतं. ८८ साली, नवरा गेला त्याच साली, याच शेठने रंभाजीच्या गाण्यांची एक कॅसेट काढली होती. मुख्य गायिका ऐनवेळी आजारी पडली म्हणून गाणी कलाबाईने म्हटली. शेठ तेव्हाही समजुतीनेच बोलला होता. म्हणाला होता, कपाळ पांढरं असलेल्या बाईचा फोटो कव्हरवर बघून लग्नाला कोण कॅसेट नेईल? मग नगरच्या पुष्पावती नावाच्या एका देखण्या बाईचा फोटो छापला, तिचंच नाव टाकलं. रंभाजीने मान डोलावली. कलाबाईला एक साडी मिळाली.

ती कॅसेट तुफान चालली. जयंती असो, लग्न असो, कर्ण्यावर कलाबाईचा आवाज असायचाच. ती डोक्यावर पाटी घेऊन मांडवाखालून जायची आणि वरून स्वतःलाच ऐकायची. पुष्पावतीला गावोगाव सत्काराला बोलवायचे, हार घालायचे, दोन ओळी म्हणा असा आग्रह करायचे, आणि ती दरवेळी घसा बसलाय म्हणायची. सात वर्षं त्या बाईचा घसा बसलेलाच होता. आणि कॅसेटमधलं सगळ्यांत गाजलेलं गाणं कोणतं म्हणाल, तर ते हे :

भीमानं हाती दिली पाटी,
पयलं नाव मी माझंच काढलं गं,
बाई, माझंच काढलं.

आता बोला.

अकिन्यीने सगळं ऐकून घेतलं. कलाबाईला वाटलं होतं, पोरगी गळ्यात पडून रडेल. पोरीने विचारलं, "साडी कुठंय?"

"फाटली कवाच."

"आवाज?"

"हाय की."

"मग त्यो अजून मागून घेता येतो."

कलाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. "तुला काय गं जातं बोलायला? तू इमानात बसून जाशील. मला हितंच मरायचंय, ह्याच भावाच्या पार्टीत, ह्याच गावात. तोंड उघडलं असतं तर मागची जागा बी गेली असती. मागं बसून का होईना, गात तर हुते."

"मला बी माझ्या बापानं हेच सांगितलं हुतं," अकिन्यी म्हणाली. "घरात गा, चुलीपाशी गा, कोन न्हाई म्हनतं? फक्त पुढं उभी ऱ्हाऊ नको."

त्यानंतर दोन दिवस त्या घरात भाकरी दोनदा थापली गेली, जिची तिने. तिसऱ्या दिवशी पीठ संपलं, एकीलाच दळणाला जावं लागलं, आणि भांडण तेवढ्यापुरतं मिटलं. पण कलाबाईच्या मनातून ते जाईना. कॅन धुताना, पाण्याचा फवारा आत सोडताना तिला वाटायचं, आपण घाबरलो त्याला पोट कारण होतं. पण पोटाला तर साडी लागत नव्हती. मग ती का घेतली? हा प्रश्न तिला शेठपेक्षा, भावापेक्षा जास्त टोचायला लागला.

एप्रिलच्या शेवटी घोडेगावचा कार्यक्रम होता. राधाकृष्ण शेठ पाहुणा म्हणून येणार होता. रंभाजीने अकिन्यीला बजावलं, "कार्यक्रम झाला की शेठला हो म्हनायचं. न्हाई म्हनलीस तर माझ्या पार्टीतलं हे तुझं शेवटचं गानं."

"गाते, मामा," अकिन्यी म्हणाली. "शेवटचं तर शेवटचं. पर गाते."

दिवेलागणीला घोडेगावच्या चौकात मांडव गच्च भरला होता. पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या, उजव्या अंगाला बायका. वंदना झाली, हारतुरे झाले, गाणं सुरू झालं. आणि बक्षिसं यायला लागली. आपल्याकडच्या कार्यक्रमांत ही रीतच आहे. गाणं रंगात आलं की कुणी तरी नोट आणि चिठ्ठी पाठवतो. गाणाऱ्याने ओळ तिथेच तोडायची, देणाऱ्याचं नाव, गाव, असतील नसतील ते गुण माइकवर पुकारायचे, मग पुन्हा गाणं जोडायचं. या रीतीत चांगलं चांगलं गाणं लंगडं होतं, पण देणारा खुर्चीत फुगून बसतो.

तिसऱ्या गाण्यात शंभराच्या नोटेवर एक रुपयाचं नाणं ठेवून चिठ्ठी आली. रंभाजीने गाणं थांबवलं. "घोडेगावचे प्रतिष्ठित व्यापारी, दानशूर, आप्पासाहेब यांच्याकडून एकशे एक रुपये, आणि त्यांची फर्माईश आहे की…" पुढचं न वाचताच त्याने चिठ्ठीची घडी घातली.

आप्पासाहेब जनावरांच्या बाजारातले मोठे दलाल. पहिल्या रांगेत, शेठच्या शेजारी, पायावर पाय टाकून बसलेले. ओठांवर बारीक हसू.

अकिन्यीने रंभाजीच्या हातातून चिठ्ठी घेतली. देवनागरी ती एसटीच्या पाट्यांवरून शिकली होती, म्हणून तिने एकेक अक्षर लावत, माइकवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं : "म्हैस बरी दिसते. चालवून दाखवा."

बाजारात जनावर घेण्याआधी चार पावलं चालवून बघतात. हे घोडेगावात पोरासोरांनाही कळतं. कुणी दोघं हसले. मागच्या रांगेत कलाबाईचं अंग शरमेनं तापलं, जणू ती चिठ्ठी तिच्याच नावाने आली होती.

"पुढं चल, पुढं चल," रंभाजी पेटीआडून पुटपुटला.

अकिन्यी पुढे चालली नाही. म्हणाली, "माझ्या मुलखात बी अशीच रीत हाय. गानं चालू असताना कुनी पैसे टाकले की गानं थांबतं. पर तिथं देनाऱ्याचं नाव गानारा न्हाई घेत. ज्यानं गानं थांबवलं त्यानं सवता उभं ऱ्हायचं आन् सांगायचं, मी कोन. चांगलं सांगितलं तर लोक टाळ्या देत्यात. न्हाई सांगता आलं तर पैसे परत घिऊन खाली बसायचं. आमी ह्याला पाक्रुओक म्हनतो. आप्पासाहेब, तुमी गानं थांबवलंत. उभं ऱ्हावा आन् सांगा."

आणि तिने माइक वायरीसकट खाली पाठवला. तो हातोहात आप्पासाहेबांपर्यंत पोचला. माइक नाकारणं म्हणजे भर गावात माघार, म्हणून आप्पासाहेब उभे राहिले.

"मी आप्पासाहेब," ते म्हणाले. मग थांबले. जन्मभर त्यांची ओळख दुसऱ्यांनी करून दिली होती. स्वतः करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. "सगळे वळखत्यात मला."

"मी न्हाई वळखत," अकिन्यी म्हणाली. "सांगा की."

"चाळीस म्हशी हायेत माझ्या दावणीला."

"मग त्यास्नीच उभं करा," मागच्या सतरंजीवरून कुणीतरी म्हणालं, आणि मांडव असा हसला की माइक कुईं करून ओरडला. आप्पासाहेबांची दोन माणसं उठली. पण हसणाऱ्यांत अर्धा बाजार होता. कुणाकुणाला मारणार? आप्पासाहेब बसले. अकिन्यीने नोट आणि नाणं दोन्ही परत पाठवलं.

रंभाजीने घाईने गाणं सुरू केलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच बायकांतून एक म्हातारी उठून मंचापाशी आली. तिने रुपया ठेवला आणि माइक मागितला.

"मी मुक्ताबाई," ती म्हणाली. "बारा वर्सं कांद्याच्या खळ्यावर निवडायला हाय. सडका कांदा मला डोळं झाकून कळतो. माणसं बी कळत्यात." आणि तिने पहिल्या रांगेकडे बघितलं.

टाळ्यांनी मांडव दणाणला. मग कुणाला थांबवणार? एक टेम्पोवाला आला आणि म्हणाला, पंधरा वर्षांत एक कोंबडी सुद्धा चिरडली नाही. एका शाळकरी पोरीने चार आणे ठेवून सांगितलं की ती वर्गात पहिली आली आणि तिचं नाव फळ्यावर लिहायचं राहून गेलंय. दरवेळी गाणं तुटत होतं, आणि गंमत म्हणजे आज ते लंगडं होत नव्हतं.

कलाबाईने पदराची गाठ सोडली. आत दोन रुपयांची नोट होती, परतीला चहासाठी ठेवलेली. तिला वाटलं, आपण उठलो तर मागची जागा आज जाईल, आणि नाही उठलो तर ती मरेपर्यंत आपलीच आहे. या दुसऱ्या विचाराची तिला जास्त भीती वाटली. ती उठली, झीलकऱ्यांना ओलांडून पुढे आली आणि भावाच्या पेटीवर तिने नोट ठेवली.

"कला, खाली बस," रंभाजी दबक्या आवाजात म्हणाला.

"पैसे टाकलेत मी, दादा. गानं थांबव."

त्याने भाता सोडला. अकिन्यीने माइक तिच्या हातात दिला, आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रडू दाटलेलं दिसलं.

"मी कलाबाई," ती म्हणाली. "संगमनेरच्या डेअरीत कॅन धुती. सात वर्सांमागं भीमगीतांची एक कॅसेट निगाली. तुमच्या समद्यांच्या घरी हाय ती. कव्हरवर पुष्पावतीबाई हाय. आवाज माझा हाय. मला एक साडी दिली, आन् मी ती घेतली. ती घ्यायला नको हुती."

राधाकृष्ण शेठ खुर्चीत पुढे सरकून रंभाजीला काहीतरी खुणावत होता.

"कशावरून?" एका माणसाने विचारलं. रागाने नव्हे, खरंच विचारलं.

प्रश्न रास्त होता. कलाबाईने डोळे मिटले. भावाला सूर सांगायची वेळ तिच्यावर आली नाही. रंभाजीने न विचारता तिची पट्टी धरली होती, मान खाली घालून. तिने पहिली ओळ टाकली, भीमानं हाती दिली पाटी, आणि बायकांच्या बाजूने एक हुंकार उठला. लग्नात, बारशात, टेपरेकॉर्डरवर, पिठाच्या गिरणीवर सात वर्षं ऐकलेला आवाज समोर उभ्या बाईच्या तोंडातून येत होता, त्याला आणखी पुरावा कसला हवा? दुसरी ओळ संपायच्या आत कुणीतरी ती मागून उचलली. कलाबाईने वळून पाहिलं. अकिन्यी मागच्या रांगेत, तिच्या जागेवर मांडी घालून बसली होती आणि झील धरत होती. मग सगळा मांडवच झील धरायला लागला. गाणं संपलं तेव्हा शेठची खुर्ची रिकामी होती.

आता म्हणाल, सगळं गोड झालं असेल. तसं काही झालं नाही. शेठने अकिन्यीच्या सात गाण्यांच्या टेपवर दुसरंच काहीबाही भरलं. जुनी कॅसेट तो त्याच कव्हरात विकत राहिला. घोडेगावने पुढच्या वर्षी दुसरी पार्टी बोलावली. रंभाजी बहिणीशी महिनाभर बोलला नाही. पण गावोगावची पत्रं यायला लागली, आणि त्यांत कलाबाईला पुढे बसवा असं लिहिलेलं असायचं. मास्तर होता, वाचायला येत होतं. त्याने तिला पुढे बसवलं. एकदा तालमीत तो पेटी पुसता पुसता म्हणाला, "चूक माझी हुती." दुसऱ्यांच्या चुका दाखवण्यात हयात गेलेला माणूस, तेवढं बोलायला त्याला सात वर्षं आणि एक महिना लागला.

अकिन्यी ९६ साली बी.कॉम. होऊन परत गेली. जाताना कलाबाईने तिला साडी दिली नाही. म्हणाली, साडीचं नाव काढू नको. किसुमूला ती भावकीपुढे उभी राहिली, डिग्री बापाच्या हातात दिली आणि दुसऱ्या आठवड्यात नैरोबीला जाऊन बँड उभा केला. पहिली कॅसेट काढणाऱ्यानेही कव्हरवर दुसरी पोरगी सुचवली होती, तिथली सडपातळ, उजळ. अकिन्यीने ऐकून घेतलं आणि दुसरा कॅसेटवाला गाठला. मग तिसरा. चौथ्याने तिचा फोटो छापला. पुढे तीन कॅसेटी निघाल्या, रेडिओवर तिचं नाव घेऊन गाणी लागायला लागली. पत्रात तिने लिहिलं होतं की बाप आता रेडिओ बंद करत नाही, नुसता आवाज कमी करतो.

पत्र सम्राटने वाचून दाखवलं. कलाबाईने ते दोनदा वाचायला लावलं.

९८ च्या मे महिन्यात सुप्याला लग्न होतं. सम्राट तिथल्या एमआयडीसीत कामाला लागला होता, त्याच्या जोडीदाराचं. भर दुपार, पत्र्याखाली मांडव, कर्ण्यावर तीच कॅसेट. आताशा कलाबाईला एक खोड लागली होती. ती कॅसेट लागली की शेजारी जो असेल त्याला ती सांगायचीच, हा आवाज माझा आहे. ओळखीचा असो, नसो. सम्राटला लाज वाटायची. तो म्हणायचा, आये, किती लोकांना सांगशील? ती म्हणायची, जितक्यांनी ऐकली तितक्यांना.

त्या दिवशी शेजारी नवऱ्याकडचा एक शर्ट-पँटवाला पाहुणा बसला होता. तिने त्याला सांगितलं. त्याने तिच्या हाताला पडलेल्या घट्ट्यांकडे बघितलं आणि समजूतदारपणे हसला. तिने पुन्हा सांगितलं. मग ती वाद घालत बसली नाही. तिने कर्ण्याबरोबर गायला सुरुवात केली, मोकळ्या गळ्याने. वरचा आवाज दहा वर्षांनी तरुण होता आणि खालचा थोडा फाटला होता, पण श्वास दोघींचा एकाच जागी तुटत होता. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

पाहुणा वैतागला. "ओ बाई, जरा गप बसा," तो म्हणाला. "गाणं ऐकू द्या."

"ऐक की," कलाबाई म्हणाली. "तू ऐकतोयस ती मीच हाय." आणि तिने पुढची ओळ कर्ण्याच्या आधी उचलली.